बिऱ्हाड हलवताना बंदूक

शाळांचे निकाल लागले की बदल्यांचे आदेश निघतात आणि मे-जूनमध्ये रस्त्यांवर बिऱ्हाडांनी भरलेले ट्रक दिसू लागतात. सामान हलवणाऱ्या कंपनीचा माणूस आधी घरी येऊन यादी करतो. फ्रिज एक, कपाटे तीन, पलंग दोन, कुंड्या सोळा. गॅसची टाकी, रॉकेल, फटाके नेणार नाही, हेही तो सांगून जातो. देव, दागिने आणि कागदपत्रे घरची मंडळी स्वतःजवळ ठेवतात. काही घरांत मात्र एक वस्तू अशी असते, की तिचे नाव यादीत येत नाही आणि कोणी ते मोठ्याने घेतही नाही. आजोबांची दुनळी बंदूक. ती गादीत गुंडाळली जाते, लोखंडी कपाटाच्या तळाशी जाते, वर साड्यांचे गठ्ठे रचले जातात आणि कपाट ट्रकमध्ये चढते. दोन दिवसांनी सातशे किलोमीटरवर ते कपाट उघडणारा हात कोणाचा असेल, हे कोणालाच ठाऊक नसते.

महाराष्ट्रात परवान्याची बंदूक असलेली घरे एकूणात थोडीच. कोकणात रानडुकरांपासून आणि माकडांपासून शेती राखण्यासाठी घेतलेल्या ठासणीच्या बंदुका आहेत. सैन्यातून निवृत्त होऊन पहारेकऱ्याची नोकरी धरलेल्यांकडे बारा बोअरची बंदूक असते. सराफ, बांधकाम व्यावसायिक, राजकारणी यांच्यापैकी काहींकडे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, नेमबाजीच्या खेळाडूंकडे रायफली. जुन्या वाड्यांत शिकारीच्या काळातली हत्यारे आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती भिंतीवरून उतरली आणि माळ्यावर किंवा कपाटात गेली. पूर्वी एका व्यक्तीला तीन बंदुका बाळगता येत. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने ही मर्यादा दोनवर आली. अमेरिकेत असतात तसे दहा-वीस बंदुकांचे संग्रह त्यामुळे आपल्याकडे सहसा नसतात. पण अपघाताला संग्रह लागत नाही, एक नळी पुरते.

वीस वर्षे एकाच कपाटात पडून असलेली बंदूक कोणाला इजा करत नाही, त्याला कारणे असतात. कपाटाला कुलूप असते. किल्लीची जागा एकालाच ठाऊक असते. काडतुसे दुसऱ्या खोलीत असतात. घरात येणारी-जाणारी माणसे ओळखीची असतात. बिऱ्हाड हलते त्या दोन-तीन दिवसांत या चारही गोष्टी एकदम मोडतात. कपाटे सताड उघडी असतात, सगळ्या किल्ल्या एका डब्यात जमा झालेल्या असतात, दोन खोल्यांतल्या वस्तू एकाच खोक्यात पडतात, आणि घरात पाच-सहा अनोळखी हमाल, शेजारची मुले व मदतीला आलेले पाहुणे वावरत असतात. नव्या घरी पोचल्यावर तर कोणते खोके कुठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून ज्या घरात बंदूक आहे त्या घराने एक गोष्ट सर्वांत आधी करावी. पहिले खोके भरण्यापूर्वी बंदूक आणि काडतुसे घराबाहेर, कायदेशीर ताब्यात गेलेली असावीत. आणि नव्या घरातले शेवटचे खोके उघडून झाल्यावरच ती परत यावीत.

हे अवघड नाही. शस्त्रे ठेवून घेण्याची परवानगी असलेले विक्रेते मोठ्या शहरांत आणि बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी असतात. पोलीस ठाण्यातही शस्त्र जमा करता येते. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांना याचा चांगलाच अनुभव असतो. बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घ्यायची आणि ती परवान्यासोबत ठेवायची. नव्या घरी स्थिरस्थावर झाल्यावर परवानाधारकाला एक जादा फेरी पडते, हा खर्च खरा. पण ज्या घरात नातवाला सामानाच्या दिवशी धूळ लागू नये म्हणून मावशीकडे पाठवतात, त्या घराने बंदुकीसाठी एवढे करायला हरकत नसावी.

"आमची मुले हात लावणार नाहीत, त्यांना सांगून ठेवले आहे," हे वाक्य पालक मनापासून म्हणतात. ते तपासून पाहिले गेले आहे. अमेरिकेत अटलांटा येथे आठ ते बारा वर्षांच्या मुलांना दोघा-तिघांच्या गटांत एका खोलीत पंधरा मिनिटे खेळायला सोडले आणि खणांत खेळण्यातल्या पिस्तुलांबरोबर एक खरे, निकामी केलेले पिस्तूल ठेवले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २९ पैकी २१ गटांना खरे पिस्तूल सापडले. त्यांतील १६ गटांनी ते हाताळले आणि १० गटांत कोणी ना कोणी चाप ओढला. हात लावलेल्यांपैकी बहुतेकांना बंदुकीपासून दूर राहण्याचे धडे आधी मिळालेले होते. ते खरे की खोटे, हे कित्येकांना ओळखता आले नव्हते. मुले खोटे बोलत नाहीत आणि आई-वडिलांचा शब्दही मोडायला निघालेली नसतात. नवी वस्तू हातात घेऊन पाहणे हा त्या वयाचा स्वभाव आहे, आणि सामान बांधण्याचा दिवस म्हणजे मुलांसाठी कधी न पाहिलेल्या वस्तूंची जत्राच. चाप ओढायला ताकद लागते म्हणून लहानांचा धोका नाही, हाही गैरसमज आहे. पाच-सहा वर्षांची बरीच मुले दोन्ही हातांची बोटे लावून अनेक पिस्तुलांचा चाप ओढू शकतात.

छर्‍याच्या हवाई बंदुकीचा उल्लेख इथेच केला पाहिजे, कारण ती खेळणे समजून खेळण्यांच्याच खोक्यात बांधली जाते. ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही. परवाना लागत नाही, याचा अर्थ इजा होत नाही असा मात्र नाही. तिचा शिशाचा छर्रा डोळ्यात शिरला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. नेत्रशल्यचिकित्सक तो छर्रा काढू शकतात, दृष्टी परत आणणे पुष्कळदा त्यांच्या हाती उरत नाही.

आता 'रिकामी आहे' या समजुतीकडे येऊ. घरगुती अपघातांच्या हकिकतीत हे दोन शब्द ठरलेले असतात. बंदूक रिकामी आहे असे समजून पुसली, दाखवली, खोक्यात बसत नाही म्हणून दाबली. पिस्तुलाच्या बाबतीत फसगत होते ती मॅगझिनमुळे. मॅगझिन काढले की पिस्तूल रिकामे झाले असे वाटते, पण एक गोळी आधीच नळीत चढलेली असू शकते आणि ती कित्येक पिस्तुलांत मॅगझिन नसतानाही सुटते. म्हणून आधी मॅगझिन काढायचे, मग सरकता भाग मागे ओढून नळीत डोळ्याने पाहायचे, हा क्रम आहे. उलटा क्रम केला तर मॅगझिनमधली पुढची गोळी पुन्हा नळीत येते. दुनळी बंदूक त्या मानाने प्रामाणिक. ती बिजागरीवर मोडली की दोन्ही नळ्यांची तोंडे समोर येतात आणि काडतूस आहे की नाही ते दिसते. पण ती मोडून पाहावी लागते. गंजामुळे मोडत नसेल तर ती भरलेलीच समजायची आणि घरी जोर न लावता जाणकाराकडे द्यायची.

सर्वांत फसवी ती ठासणीची. तिच्यात काडतूस नसतेच. नळीच्या तोंडातून दारू, मग चिंधी किंवा काथ्या, मग छर्रे ठासायचे आणि मागच्या निप्पलवर 'केप' नावाची ठिणगी पाडणारी छोटी टोपी बसवायची, अशी तिची रीत. भातशेतीच्या हंगामात भरून ठेवली, डुक्कर आलेच नाही, टोपी काढून ठेवली आणि बंदूक कोपऱ्यात उभी राहिली, असे होते. बाहेरून काहीच दिसत नाही. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षे जिवंत राहते. भरणारे आजोबा वारलेले असतात आणि बंदूक मुंबईच्या खोलीत 'अँटिक' म्हणून भिंतीवर लावायला निघालेली असते. जाणकार माणूस ठासायचा गज नळीत सोडतो, तोंडाशी खूण करतो आणि तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहतो. खूण नळीच्या मागच्या टोकापर्यंतच्या लांबीशी जुळली नाही, तर आत काहीतरी बसले आहे. ही तपासणी आणि ते भरण काढणे परवानाधारक दुरुस्तीवाल्याचे काम आहे. घरी खिळ्याने टोकरून पाहण्याचे नाही.

नागपूर-विदर्भाच्या उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो: डिकीत ठेवलेली काडतुसे उन्हाने फुटतील का? मे महिन्यात बंद गाडीत तापमान ५०-६० अंशांच्या पुढे जाते. काडतुसातली धूरविरहित दारू पेटायला साधारण १७० अंश लागतात, म्हणजे डिकीतल्या उष्णतेने काडतूस उडत नाही. मात्र वारंवार तापून आणि दमट हवा लागून दारू खराब होते आणि मग चाप ओढल्यावर ती वेळेवर पेटत नाही, किंवा अर्धवट पेटून छर्रे नळीत अडकतात. ट्रकला आग लागली तर काय, हाही प्रश्न रास्त आहे. नळीबाहेर पेटलेले काडतूस बंदुकीतल्यासारखा मारा करत नाही, कारण वायूचा दाब कोंडून धरायला नळी नसते. पण त्याच्या कवचाचे तुकडे उडतात आणि विझवायला गेलेल्याचा डोळा किंवा हात जखमी करू शकतात. ठासणीच्या बंदुकीची सुटी काळी दारू हा वेगळाच विषय. ती एका ठिणगीने पेटते आणि डब्यात कोंडलेली असली तर स्फोट करते. ती घरगुती सामानात, गाडीत किंवा ट्रकमध्ये, कुठेच नेऊ नये.

माळा रिकामा करताना बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात पाच-पंचवीस काडतुसे निघणे हा प्रकार जुन्या घरांत नवा नाही. पितळ हिरवे पडलेले, कागदी कवच फुगलेले. यावर घरात तीन सूचना येतात: कचऱ्यात टाका, विहिरीत टाका, शेतात पुरा. तिन्ही वाईट. कचरा वेचणाऱ्या मुलाच्या हाती ती काडतुसे लागतात आणि पितळेसाठी तो ती ठोकतो. परवाना नसताना काडतुसे बाळगणे गुन्हा आहे, या भीतीने लोक गप्प बसतात. अशा वेळी डबा आहे तिथेच ठेवून, मुलांना त्या खोलीबाहेर काढून, स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवणे हाच मार्ग आहे. परवानाधारक वारला असेल तर त्याची बंदूक व काडतुसे वारसांनी विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावीत, असेच १९५९ चा शस्त्र कायदा सांगतो. वारसाला ती हवी असेल तर त्याने स्वतःच्या नावाने परवाना मागायचा. "बाबांचा परवाना आहे ना" हे उत्तर बाबांच्या पश्चात चालत नाही.

कायद्याची आणखी एक बाजू बिऱ्हाड हलवणाऱ्यांनी नीट समजून घ्यावी. परवाना माणसाच्या नावाचा असतो. ट्रकच्या चालकाकडे तो नसतो, कंपनीच्या हमालाकडे नसतो, आणि वडिलांची बंदूक 'फक्त पोचवायला' निघालेल्या मुलाकडेही नसतो. परवाना कोणत्या भागापुरता वैध आहे ते त्यावर लिहिलेले असते. महाराष्ट्रापुरता परवाना असलेल्या कोल्हापूरच्या माणसाने बेळगावला किंवा सावंतवाडीच्या माणसाने पणजीला घर हलवले, तर अंतर थोडे असले तरी राज्याची हद्द ओलांडली जाते. तेव्हा निघण्यापूर्वी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून परवानगी घेतलीच पाहिजे. राहण्याचा पत्ता बदलला की ३० दिवसांच्या आत नव्या ठिकाणच्या आणि मूळच्या, अशा दोन्ही परवाना अधिकाऱ्यांना कळवायचे असते. हे काम गॅसजोडणी आणि शाळेच्या दाखल्याच्या यादीत वर असायला हवे. प्रत्यक्षात ते यादीतच नसते. पोलीस आयुक्तालये आणि जिल्हाधिकारी कार्यालये यांनीही हे काम एका खिडकीवर, एका भेटीत होईल असे पाहावे. तीन हेलपाटे पडतात म्हणून माणूस बंदूक गादीत गुंडाळतो, हे त्यांना माहीत नसेल असे नाही.

प्रत्यक्ष प्रवास परवानाधारकाने स्वतः, शक्यतो आपल्या गाडीने आणि एका दिवसात करावा. समृद्धी महामार्गामुळे नागपूर-मुंबई हे ७०१ किलोमीटरचे अंतर आता दिवसाउजेडी कापता येते, अर्थात चालकाला मध्ये विश्रांती देऊनच. दुनळी बंदुकीचे नळ्या, दस्ता आणि पुढचे लाकूड असे भाग सुटे होतात. ते सुटे करून कुलूपबंद पेटीत ठेवावेत. काडतुसे दुसऱ्या कुलूपबंद डब्यात, गाडीच्या दुसऱ्या भागात. मूळ परवाना खिशात. ढाब्यावर जेवायला सगळे उतरले आणि बंदूक गाडीत राहिली, असे होऊ देऊ नये. एकाने गाडीजवळ थांबावे. विमानाने जायचे असेल तर बंदूक प्रवाशाजवळ कधीच ठेवता येत नाही. ती रिकामी करून, विमानतळावर आधी जाहीर करून, नोंदवलेल्या सामानातच द्यावी लागते. त्यासाठी विमान कंपनीची परवानगी तिकीट काढतानाच घ्यावी. आणि हातातली पिशवी उलटी करून झटकावी. शेतावर नेहमी जाणाऱ्या पिशवीच्या कप्प्यात विसरलेले एकच काडतूस विमानतळावरच्या यंत्रात दिसते आणि मुलीकडे निघालेले आजोबा पोलीस चौकीत बसतात. असे प्रसंग अधूनमधून घडत असतात.

या सगळ्याच्या आड एक धोका आहे, ज्याबद्दल घरात बोलले जात नाही. माणूस घर का बदलतो? बढती मिळाली म्हणून बदलतो, तसा निवृत्त झाला, जोडीदार गेला, धंदा बसला, कर्ज झाले, घर मोडले म्हणूनही बदलतो. वडील एकटे पडले म्हणून मुलगा त्यांना गावाहून शहरात आणतो आणि त्यांच्याबरोबर त्यांची बंदूकही येते. ओळखीची माणसे, कट्टा, शेत, देऊळ सगळे मागे राहते. उतारवयातले नैराश्य आपल्याकडे "वयाचे आहे" म्हणून सोडून दिले जाते. झोप उडणे, जेवणावरची वासना जाणे, वस्तू वाटून टाकणे, "आता माझे काय काम" असे वारंवार म्हणणे, ही दुर्लक्ष करण्याजोगी लक्षणे नाहीत. आत्महत्येचा आवेग अनेकांच्या बाबतीत फार थोडा वेळ टिकतो, कधी काही मिनिटे. त्या मिनिटांत हाताशी काय आहे यावर पुष्कळ काही ठरते. बंदुकीने केलेल्या प्रयत्नातून वाचणारे फार थोडे असतात. इतर अनेक प्रयत्नांतून वाचलेले बहुतेक लोक पुढे जगतात.

साधन दूर नेल्याने माणूस खरेच वाचतो का, याचे एक उदाहरण इस्रायलच्या सैन्यातले आहे. तिथे तरुण सैनिक साप्ताहिक सुटीत रायफल घरी नेत. २००६ मध्ये धोरण बदलले आणि रायफली तळावरच ठेवायला सांगण्यात आले. त्यानंतर या तरुण सैनिकांतील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले, आणि घट मुख्यतः सुटीच्या दिवसांतल्या घटनांत झाली. आठवड्याच्या मधल्या दिवसांत फारसा फरक पडला नाही. याचा अर्थ त्या सैनिकांनी दुसरा मार्ग शोधला नाही. कठीण घटका टळली आणि ते जगले. अमेरिकेतल्या २००५ च्या एका अभ्यासातही असेच दिसले: बंदूक कुलपात, बंदूक रिकामी, काडतुसे वेगळी आणि काडतुसेही कुलपात, या चारांपैकी प्रत्येक सवयीचा संबंध मुलांतील व किशोरांतील आत्महत्या व अपघात कमी असण्याशी होता. म्हणून ज्या घरातले स्थलांतर दुःखातून होत आहे, तिथे बंदूक नव्या घरी आणायची की विक्रेत्याकडेच ठेवायची किंवा कायमची सोडून द्यायची, हा प्रश्न ज्येष्ठांचा मान राखून पण स्पष्टपणे विचारावा. "बाबा, इथे तुम्हाला तिची काय गरज?" एवढ्यावर बरेच ज्येष्ठ तयार होतात, काहींना उलट सुटल्यासारखे वाटते. कुटुंबाच्या डॉक्टरांनीही उदास रुग्णाला घरात कीटकनाशक आहे का हे विचारतात तसे बंदूक आहे का, हे विचारायला संकोचू नये. मदतीसाठी 'टेली-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही उपलब्ध आहे.

एवढे करूनही अपघात झालाच तर पहिली दहा मिनिटे घरच्यांच्या हातात असतात. सर्वांत आधी बंदूक जमिनीवर ठेवून सगळ्यांनी तिच्यापासून दूर व्हायचे. दुनळीत दुसरी नळी भरलेली असू शकते. मग १०८. जखमेचे तोंड लहान दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये. गोळीची ऊर्जा तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि ती आतल्या मांसात, हाडात, यकृतात खर्च होते. बाहेर बोराएवढे छिद्र आणि आत पोटभर रक्तस्राव, हे चित्र शल्यचिकित्सकांच्या परिचयाचे आहे. बारा बोअरचे छर्रे हातभर अंतरावरून सुटले तर पसरायला वेळच मिळत नाही आणि ते एका गोळ्यासारखे आत घुसतात.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी, शरीराचा भार टाकून दाबावे आणि दाब सोडू नये. घडी भिजली तर तीवरच दुसरी ठेवावी. हात किंवा पाय असेल आणि दाबूनही रक्त थांबत नसेल, तर जखमेच्या वर चार बोटे रुंद पट्टा आवळून बांधावा, किती वाजता बांधला ते लिहावे आणि रुग्णालयात पोचेपर्यंत तो सैल करू नये. हळद, कॉफीची पूड, माती काही भरू नये. आत बोट घालून छर्रा शोधू नये. पाणीसुद्धा पाजू नये, कारण लगेच भूल द्यावी लागण्याची शक्यता असते. डोळ्याला लागले असेल तर डोळा मुळीच दाबू नये. कागदी पेला उलटा धरून वरून चिकटवावा, म्हणजे डोळ्याला काही लागणार नाही. बंद खोलीत बार झाला तर जखम कोणालाच नसली तरी कान तपासून घ्यावेत. बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या वर असतो आणि एकाच बाराने ऐकणे कायमचे कमी होऊ शकते.

पोलिसांची भीती इथेही आड येते. गोळीची जखम म्हणजे पोलिसांना कळवावे लागणारे प्रकरण, म्हणून घरचे आधी वकिलाला किंवा ओळखीच्या पुढाऱ्याला फोन करतात आणि मग दवाखान्यात निघतात. तेवढ्या वेळात लिटरभर रक्त जाते. परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, जखमीवर उपचार आधी आणि कायद्याची प्रक्रिया नंतर. पोलिसांना कळवणे रुग्णालयाचे काम आहे आणि ते उपचार सुरू असताना होते. घरच्यांनी रक्ताळलेले कपडे धुवू नयेत, कागदी पिशवीत ठेवून द्यावेत, आणि घडले ते खरे सांगावे. किती अंतरावरून, कोणत्या बंदुकीतून आणि केव्हा, ही माहिती शल्यचिकित्सकाला पोलिसांपेक्षा आधी लागते. काही छर्रे शरीरात तसेच ठेवले जातात, कारण ते काढण्यात जास्त नुकसान होते. सांध्यात राहिलेला शिशाचा छर्रा मात्र हळूहळू विरघळून रक्तात शिसे वाढवू शकतो, म्हणून तिथला काढावा लागतो.

नवे घर लागले, खोकी फोडून झाली, रद्दीवाला गेला, की मग बंदुकीची जागा ठरवायची. भिंतीत बोल्टने बसवलेले लोखंडी कपाट, त्यात रिकामी बंदूक, काडतुसे दुसऱ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या परवानाधारकाजवळ. दिवाणाच्या पोकळीत, देवघरामागे किंवा साड्यांच्या कपाटात नाही. त्या जागा मुलांना पहिल्या आठवड्यातच सापडतात. शहरातल्या इमारतीत स्वयंपाकीण, सफाईवाली, मुलाचे मित्र असे गावच्या घरापेक्षा कितीतरी जास्त लोक रोज आत येतात, हेही हिशेबात धरावे. बंदूक साफ करताना हाताला शिशाची भुकटी लागते, म्हणून ते काम स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर करू नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत. कपाट बसले, पत्ताबदलाची नोंद झाली, की पावती घेऊन विक्रेत्याकडे जावे. काडतुसे मोजून घ्यावीत, आणि बंदूक हाती आल्यावर तिथेच, दुकानातच, ती पुन्हा एकदा मोडून दोन्ही नळ्यांत पाहून घ्यावे.